अमेरिकेत पहिलं पिस्तूल म्हणून सेकंडहँड सिग सॉअर पी३२० घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड नुकतंच झालंय, टेक्ससमध्ये राहता, ओळखीचा दुकानदार सिग सॉअर कंपनीचं जुनं पी३२० पिस्तूल बऱ्यापैकी स्वस्तात देतोय, पण अर्धे लोक म्हणतात त्याला हातही लावू नका आणि अर्धे म्हणतात हजारो राऊंड मारले, काही झालं नाही, मग विश्वास कोणावर ठेवायचा. माझ्याकडे २०१८ पासून पी३२० आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. कमरेला लावून फिरायला हवं असेल तर घेऊ नका. फक्त रेंजवर मारायला हवं असेल तर घ्या, पण दुकानात काही गोष्टी बघून, त्या खाली सांगतो.

हा वाद इतकी वर्षं मिटत का नाही, तर लोक दोन वेगळे प्रश्न एकात एक घालतात. चाप ओढल्यावर बार उडतो का, हा एक प्रश्न. चाप न ओढता बार उडणार नाही ना, हा दुसरा. माझ्या पिस्तुलातून आतापर्यंत चार हजारच्या आसपास गोळ्या गेल्या असतील, अडकली अशी हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा, नेम उत्तम लागतो, हातात बसतं पण छान. पण हे सगळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. रेंजवर पिस्तूल माझ्या हातात असतं, तोंड टार्गेटकडे असतं आणि बार उडावा असंच मला वाटत असतं. तक्रारी आहेत त्या होल्स्टरमधल्या, म्हणजे कमरेच्या म्यानातल्या, पिस्तुलाच्या, म्हणजे माणूस गाडीत बसतोय, उतरतोय, जिना चढतोय, वाकतोय आणि बार मांडीत. तिथे माझ्या चार हजार गोळ्या कसलाच पुरावा नाहीत, आणि "माझ्याला कधी काही झालं नाही" हे जे शंभर लोक लिहितात त्यांच्याही नाहीत.

आता इतिहास. हे मॉडेल २०१४ मध्ये आलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन लष्कराने हेच घेतलं, एम१७ आणि एम१८ नावाने, कंत्राट ५८ कोटी डॉलरपर्यंतचं. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उघड झालं की बाजारात विकलेलं पी३२० एका ठरावीक कोनात, स्लाइडच्या (वरचा सरकणारा भाग) मागच्या बाजूवर पडलं तर बार उडू शकतो. कारण समजायला सोपं आहे, एसटीने करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते पण उभा माणूस पुढे जातो ना, तसं पिस्तूल जमिनीवर आपटून थांबलं तरी चाप वजनाने जड असल्यामुळे तो मागे जातच राहिला, म्हणजे बोट न लावता ओढला गेला. पिस्तूल खाली पाडून बघायच्या ठरलेल्या चाचण्या पिस्तूल पास झालं होतं, पण त्यात तो कोनच नव्हता. डॅलस पोलिसांनी वापर थांबवला, मग ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने हलका चाप, हलका स्ट्रायकर (गोळीच्या बुडावर आपटून बार उडवणारा भाग) वगैरे फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. पण त्याला रिकॉल, म्हणजे सदोष माल परत मागवणं, म्हटलं नाही, "ऐच्छिक अपग्रेड" म्हटलं. मला याचा आजही राग आहे. ज्याला बातमी कळली त्याने पाठवलं, ज्याला नाही कळली त्याच्या कपाटात ते तसंच पडून राहिलं, आणि तसलंच एखादं आज तुमच्या दुकानदाराच्या काउंटरवर असू शकतं.

पडण्याचा प्रश्न सुटला, पण न पडता होल्स्टरमध्येच बार उडाल्याच्या तक्रारी चालूच राहिल्या. कंपनी ठामपणे सांगते की चाप ओढल्याशिवाय हे पिस्तूल चालूच शकत नाही. कोर्टात दोन्ही बाजूंनी निकाल लागलेत, २०२२ मध्ये न्यू हॅम्पशायरला ज्युरीने कंपनीची बाजू घेतली, २०२४ मध्ये जॉर्जियात ज्युरीने २३.५ लाख डॉलर आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियात १ कोटी १० लाख डॉलर द्या म्हणून सांगितलं. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगच्या हवाई दलाच्या तळावर एम१८ च्या गोळीने एक तरुण सैनिक गेला, तो तळ ज्या कमांडखाली येतो तिने पिस्तुलं बाजूला काढली, सगळे म्हणाले बघा झालंच सिद्ध. नंतर त्याच प्रकरणात दुसऱ्या एकाला मनुष्यवध आणि खोटी माहिती दिल्याच्या संशयावरून अटक झाली आणि पिस्तुलं परत वापरात आली, तेव्हा विरुद्ध बाजूचे म्हणाले बघा, पिस्तूल निर्दोष. पण मधल्या तपासणीत काही पिस्तुलांचे सिअर (ताणलेल्या स्ट्रायकरला अडवून धरणारा भाग), स्ट्रायकर आणि सेफ्टी लीव्हर झिजलेले सापडले होते, त्यावर फार कोणी बोलत नाही. मला तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते.

का ते सांगतो. ग्लॉक या दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलात स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो, उरलेला ताण चाप ओढताना येतो, शिवाय चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी असते, ती दाबल्याशिवाय चाप हलत नाही. पी३२० मध्ये स्लाइड ओढून सोडली की स्ट्रायकर जवळपास पूर्ण ताणलेला, चापावर पट्टी नाही, आणि दुकानात मिळतात त्यातल्या बहुतेकांना बाहेरून सेफ्टीचा खटकाही नाही. पूर्ण रिकामं करून, चेंबर (गोळी बसते ती जागा) तीनदा बघून, चाप हळू दाबून बघा, थोडी मोकळी चाल, मग बोटाला भिंत लागते, आणि तिथून अगदी जरासं पुढे गेलं की टक. रेंजवर हेच तर आवडतं. आत एक अडसर आहे, सिअर सुटला तरी स्ट्रायकरला गोळीपर्यंत जाऊ न देणारा, म्हणजे डिझाइन वेड्यासारखं केलंय असं मी म्हणत नाही. पण बाहेर काही नाही म्हटल्यावर सगळी भिस्त आतल्या चार बारीक भागांवर, ते झिजले किंवा मापात थोडे कमीजास्त असले तर चुकीला जागा कमी उरते. सगळेच अपघात पिस्तुलामुळे झाले असंही नाही, होल्स्टर सैल, जॅकेटची दोरी आत अडकली, बोट गेलं आणि माणूस कबूल करत नाही, हे सगळं होतं. मला एवढंच कळतं की एखाद्या चुकीला माफ करणारं पिस्तूल त्याच किमतीत मिळत असेल तर न करणारं मी पोटाशी का बांधू.

माझे अप्पाकाका देवगडकडे असतात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे काडतुसाची एक नळीची बंदूक, डुकरं आणि माकडं बागेत शिरतात म्हणून. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. बागेपर्यंत चालताना बंदूक मधोमध उघडून दुमडलेली, हातावर आडवी, नळी रिकामी, आणि काडतूस शर्टाच्या खिशात. पन्नास पावलं मागे असलेल्या मलासुद्धा दिसायचं की आत काही नाही. इथे आल्यावर मी वर्षभर चेंबरमध्ये गोळी ठेवून पी३२० कमरेला लावलं, आणि बायकोने एकदा विचारलं की धाकटा मांडीवर येऊन बसतो तेव्हा पिस्तुलाचं तोंड कुठे असतं. त्यानंतर नाही लावलं. विकलं नाही, तिजोरीत असतं, महिन्यातून एकदोनदा रेंजवर जातं.

आता दुकानात काय बघायचं. पकडीवरच्या छोट्या खिडकीतून आतल्या भागावरचा सिरियल नंबर दिसतो, कायद्याने तो आतला भाग म्हणजेच पिस्तूल, बाकी पकड, स्लाइड सगळं बदलता येतं. तो नंबर घेऊन अपग्रेड झालंय का हे कंपनीकडून पक्कं करा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. जुना चाप जाडजूड आणि जड, नवा बारीक, शेजारी ठेवले तर लगेच कळतं. दुसरं, हे पिस्तूल सुटं करून भाग बदलणं इतकं सोपं आहे की आधीच्या मालकाने बाहेरचा चाप किंवा स्प्रिंग घातली असेल तर तुम्हाला वरून कळणारही नाही. म्हणून आतला भाग बाहेर काढून दाखवायला सांगा. होल्स्टर त्याच मॉडेलसाठी बनलेलं, कडक, चाप पूर्ण झाकणारं घ्या, टॉर्च लावायचा असेल तर टॉर्चसाठीचं वेगळं मिळतं, त्यांची तोंडं रुंद असतात, त्यात बोट जाईल एवढी फट राहत नाही ना बघा. (हे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांनी मात्र थांबा, तुमच्यासाठी नियम वेगळे आहेत, शिकारीचा परवाना वगैरे अपवादात बसत नसाल तर बंदूक जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, आधी वकिलाला विचारा.)

आणि कमरेला लावून फिरायलाच हवं असेल तर ग्लॉक १९ बघा, किंवा स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी, ते अंगठ्याच्या सेफ्टीसकट मिळतं, पहिलंच पिस्तूल आहे तर मी तरी तेच सुचवेन. पी३२० वरच मन बसलं असेल आणि दुकानदार आत उघडून दाखवायला कां कूं करायला लागला, तर किंमत कितीही कमी केली तरी तिथूनच परत या.