वाचकांचे प्रश्न : बराकीतला खोकला

प्रश्न : माझा धाकटा भाऊ खटला चालू असल्यामुळे तुरुंगात आहे. त्याच्या बराकीतील एका बंद्याला क्षयरोग असल्याचे निष्पन्न झाले आणि त्याला दुसरीकडे हलवण्यात आले. एवढ्याने बाकीचे सुरक्षित झाले असे समजायचे का? भावालाही खोकला आहे, पण तो तपासणीला तयार होत नाही.

उत्तर : रुग्णाला हलवले हे योग्यच झाले, पण तेवढ्याने काम संपत नाही. खोकताना आणि बोलताना बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांतून क्षयाचे जंतू कित्येक तास हवेत तरंगत राहू शकतात. त्यामुळे दाटीच्या, कोंदट बराकीत रुग्णाच्या शेजारी झोपणाऱ्यालाच नव्हे, तर त्याच हवेत रात्र काढणाऱ्या कोणालाही लागण झालेली असू शकते. लागण झालेले सगळेच आजारी पडत नाहीत. मात्र जे पडतात त्यांपैकी बहुतेक पहिल्या दोन वर्षांत पडतात. म्हणून त्या बराकीतील प्रत्येकाला लक्षणे विचारणे, छातीचा एक्स-रे काढणे आणि जेथे शंका येईल तेथे थुंकी तपासणे आवश्यक आहे. जीनएक्स्पर्टसारख्या यंत्रावर दोन तासांच्या आत जंतू आहेत की नाहीत हे तर कळतेच, शिवाय रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतील की नाही, हेही समजते. ज्यांना एचआयव्ही आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती अन्य कारणाने क्षीण आहे, त्यांना रोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देता येते. तपासायच्या बंद्यांच्या यादीत आज बराकीत असलेलेच नव्हे, तर रुग्ण खोकत असलेल्या काळात तेथे राहून जामिनावर सुटलेले किंवा दुसऱ्या तुरुंगात गेलेले बंदीही हवेत. त्यांची नावे कारागृहाच्या नोंदवहीत असतात. ती काढून संबंधित आरोग्य यंत्रणेला कळवणे एवढेच करायचे असते, आणि नेमके तेच बहुधा राहून जाते.

आता तुमच्या भावाच्या नकाराविषयी. मला हा तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. जगभरातील तुरुंगांत क्षयरोगाचे प्रमाण बाहेरच्या समाजाच्या सुमारे दहापट असल्याचे आढळते, आणि गर्दी, कुपोषण व बंद खिडक्या यांच्या जोडीला त्याचे आणखी एक कारण म्हणजे रोग लपवला जाणे. खोकला सांगितला की वेगळ्या कोठडीत जावे लागणार, काम आणि त्याची मजुरी बुडणार, मुलाखत, म्हणजे नातेवाइकांची भेट, बंद होणार, आणि ती कोठडी एरवी शिक्षेसाठी वापरली जाणारी असेल तर इतर बंदी वेगळाच अर्थ काढणार, असे ज्याला दिसते तो रात्री तोंडावर घोंगडी घेऊन खोकतो. घोंगडीआड खोकणारा एक माणूस तपासणीच्या सगळ्या व्यवस्थेला निरुपयोगी करू शकतो. त्याला दोष देता येणार नाही. एकाला हलवताना बाकीचे पाहत असतात आणि पाहूनच शहाणे होतात.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या, नेल्सन मंडेला नियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किमान नियमांत तुरुंगात येणाऱ्या प्रत्येकाची शक्य तितक्या लवकर वैद्यकीय तपासणी व्हावी, संसर्गाचा संशय असल्यास त्या काळात त्याला वैद्यकीय कारणासाठी वेगळे ठेवून योग्य उपचार द्यावेत, आणि बाहेरच्या नागरिकाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार बंद्याला मिळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच नियमांत दिवसाचे 22 तास किंवा त्याहून अधिक काळ माणसांच्या अर्थपूर्ण सहवासाविना ठेवणे याला एकांतवास म्हटले आहे. विलगीकरण त्या टोकाला जाऊ द्यायचे नसेल तर पत्रे, दूरध्वनी, उघड्या जागेत अंतर ठेवून मुलाखत, वाचायला काहीतरी आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई ही सोय आधीच ठरलेली आणि सर्व बंद्यांना सांगितलेली असायला हवी. लागू पडणारी औषधे सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने, पुष्कळदा दोन आठवड्यांतच, उतरते; म्हणजे हा काळ सहसा मर्यादित असतो. हे तुमच्या भावाला कोणी सांगितले आहे का?

मुलाखतीत तुम्हीच त्याला सांगा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारी कणकण, रात्रीचा घाम, उतरणारे वजन यांपैकी काहीही असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना, शक्यतो रक्षक ऐकू शकणार नाही अशा जागी, सांगावे. कारागृह अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. दाद लागली नाही तर वकिलामार्फत न्यायालयापुढे अर्ज करता येतो. उपचार सुरू झालेच, तर जामिनाच्या दिवसाची तयारी आतापासून करा. सुटकेचा आदेश अचानक येतो, माणूस औषधांविनाच बाहेर पडतो आणि साधारणतः सहा महिने चालणारा उपचार अर्धवट राहतो; औषधांना न जुमानणारा क्षय अशा खंडातूनही उद्भवतो. उपचाराचा कागद, काही दिवस पुरतील इतक्या गोळ्या आणि पुढे कोणत्या केंद्रात जायचे त्याचा पत्ता या गोष्टी सुटकेच्या कागदांबरोबरच हातात पडायला हव्यात.

प्रश्न : गुन्हेगारांच्या आरोग्यावर इतका खर्च करण्याचे कारण काय?

उत्तर : तुरुंगातील पुष्कळ जणांवर गुन्हा सिद्ध झालेला नसतो, हे प्रथम लक्षात घ्यावे. ज्यांच्यावर झाला आहे, त्यांनाही न्यायालयाने स्वातंत्र्य गमावण्याची शिक्षा दिलेली असते, क्षयाची किंवा काविळीची नव्हे. शिवाय रोग भिंतीपाशी थांबत नाही. 1750 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात शेजारच्या न्यूगेट तुरुंगातील बंद्यांना आणले गेले आणि त्यांच्यामार्फत पसरलेल्या तुरुंगज्वराने (टायफस नावाच्या तापाने) नगराध्यक्ष आणि न्यायाधीशांसह पन्नासहून अधिक माणसे दगावली. 1774 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून कोठड्यांना दरवर्षी चुना लावणे, हवा खेळती ठेवणे, आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या आणि वैद्य नेमणे बंधनकारक केले. हा ज्वर अंगावरच्या उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले ते 1909 मध्ये. म्हणजे कारण ठाऊक नसतानाही स्वच्छता आणि हवा यांची गरज ओळखली गेली होती. आज कारणे ठाऊक आहेत. रक्षक, वकील, नातेवाईक आणि सुटणारे बंदी रोज त्या दारातून ये-जा करतात. गर्दी कमी करणे, म्हणजे क्षुल्लक आरोपांतील कच्च्या कैद्यांना (खटला अजून चालू असलेल्यांना) जामीन मिळणे, हाही रोगनियंत्रणाचाच भाग आहे.

प्रश्न : मी कारागृहात रक्षक आहे. बराकीत खरूज मलम देऊनही फिरून येते. आता मलाही खाज सुटली आहे.

उत्तर : ज्यांना खाज आहे त्यांनाच मलम दिले जात असेल, तर ती फिरून येणारच. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात तो इतरांना खरजेचे सूक्ष्म किडे देत असतो. संपूर्ण बराकीवर एकाच दिवशी उपचार करा. परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावून रात्रभर ठेवावे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावावे. त्याच दिवशी कपडे आणि अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. गरम पाणी पुरत नसेल, तर ती घट्ट बांधलेल्या पिशवीत निदान तीन दिवस ठेवावीत, कारण माणसाच्या अंगावाचून हा किडा सहसा तेवढे दिवस जगत नाही. तुम्ही आणि तुमच्या घरातील सर्वांनीही डॉक्टरांना दाखवून याच सुमारास उपचार घ्यावेत. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते, म्हणून घाबरून पुनःपुन्हा मलम लावू नये. त्यानंतरही नवे पुरळ उठत राहिले तर मात्र पुन्हा तपासून घ्यावे.