विचारा बिनधास्त : ७२चा दुष्काळ, सूर्य आणि भांड्यावरचं नाव

प्रश्न : ताई नमस्कार, मी जालना जिल्ह्यातला मोसंबीवाला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीतरी येतं की हवामान बदल हे थोतांड आहे, पृथ्वी आधीपण तापायची आणि गार व्हायची, सगळा सूर्याचा खेळ. वडील म्हणतात ७२ला याच्यापेक्षा भयंकर होतं, तेव्हा कुठे एवढ्या गाड्या होत्या? मला त्यांचं पटतं. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : दादा, वडील खोटं बोलत नाहीयेत, आधी तेच सांगते. माझी आई ७२ला खडी फोडायला गेलेली बाई, सुकडी आणि मिलो नावाच्या लाल ज्वारीवर दिवस काढलेली, ती आजही ताटात भाकरीचा तुकडा टाकू देत नाही. त्या वर्षी प्रशांत महासागरात जोरदार एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं, तसं झालं की आपल्याकडे पाऊस बऱ्याचदा कमी होतो, आणि एल निनो काही माणसाने आणलेला नाही, तो येतो नि जातो. त्यामुळे पाऊस आधीपण दगा द्यायचा हे शंभर टक्के खरं. पण म्हणून आत्ता जे तापतंय तेही आपोआपच तापतंय असं होत नाही ना, ते वेगळं तपासावं लागतं, आणि ते तपासलेलं आहे.

आधी सूर्य. १९७८पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत, दर अकरा वर्षांनी ती थोडी वरखाली होते, पण पृथ्वीचं तापमान चढत गेलं त्या काळात सूर्य काही वाढलेला नाही. त्याहून मला आवडतो तो दुसरा पुरावा. थंडीत खोलीत शेगडी मोठी केली तर गोधडीच्या आतही गरम होतं आणि बाहेरही. पण शेगडी तेवढीच ठेवून एकावर एक दोन गोधड्या घेतल्या तर आत ऊब वाढते आणि वरच्या गोधडीला बाहेरून हात लावला तर ती गारच लागते, कारण आतली ऊब बाहेर येतच नाही. १९६७मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी गणित मांडून सांगितलं होतं की कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कोळसा-तेल जाळल्यावर निघणारा आणि गोधडीसारखी ऊब अडवणारा वायू, वाढला तर खालची हवा तापेल आणि खूप वरची, स्ट्रॅटोस्फिअरची, गार होईल. पुढे मोजलं तर तसंच निघालं. सूर्यामुळे असतं तर वरचीही तापली असती. मानाबेंना २०२१मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता तो कार्बन आपलाच कशावरून? आपल्याकडे लग्नात शेजारपाजारची भांडी येतात, पंगती उठल्या की पातेलं कुणाचं यावरून वाद, मग कुणीतरी ते उचलून काठावर कोरलेलं नाव वाचतं आणि वाद मिटतो. कार्बनवरही नाव असतं. झाडात, माणसात, हवेत कार्बन-१४ नावाचा एक प्रकार अगदी थोडा असतो, तो साधारण ५७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून, त्यात तो उरतच नाही. हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने १९५५मध्ये झाडांच्या लाकडात बघितलं तर हवेतला कार्बन-१४ पातळ झालेला, म्हणजे हवेत जुना कार्बन मिसळत होता. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही तो नसतो, म्हणून दुसरी खूण बघतात, कार्बन-१३. जो कार्बन कधीकाळी झाडांत होता त्यात तो कमी असतो, ज्वालामुखीच्या कार्बनमध्ये तसा कमी नसतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण घटतंय. शिवाय जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या एक टक्कासुद्धा भरत नाही. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागात तो २८० भाग होता, चार्ल्स कीलिंग यांनी १९५८मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५च्या आसपास, आज ४२०च्या वर गेलाय. पातेल्यावर आपलंच नाव आहे दादा.

पण तुमची बाग वाळली तर ती सगळी हवामान बदलानेच वाळली असं मी म्हणणार नाही. लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याला कमी पाऊस कारण होता तसा ऊस आणि बोअरही होते. पुढारी स्वतःच्या चुकांचं खापर हवामान बदलावर फोडतात याची मला मनापासून चीड येते, त्यानेच लोकांचा खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. पावसाबद्दल पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७मध्ये दाखवलं ते असं की मध्य भारताच्या पट्ट्यात, आपला महाराष्ट्र धरून, एकूण पाऊस कमी होत असताना मोठ्या भागावर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढला. हवा एक डिग्री तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, मग ते एकदमच ओतलं जातं आणि मध्ये महिनाभर आभाळ कोरडं. हे तर तुम्ही बांधावर उभं राहून बघताय.

प्रश्न : उद्याचा पाऊस नीट सांगता येत नाही आणि म्हणे पन्नास वर्षांनंतरचं सांगतात!

उत्तर : विमा कंपनीला तुमचा-माझा शेवटचा दिवस माहीत नसतो, तरी हजारो लोकांचा हिशोब लावून ती हप्ता बरोबर ठरवते. उद्याचा पाऊस म्हणजे एका माणसाचं, पन्नास वर्षांचं तापमान म्हणजे हजारोंचं. आणि वर सांगितलेलं १९६७चं गणित खरं ठरून झालंय.

प्रश्न : मी सांगलीची, वय १९. बाबा म्हणतात हे गोऱ्यांचं कारस्थान, त्यांनी जग जाळून झालं आणि आता आपल्याला कोळसा जाळू देत नाहीत. यावरून घरात रोज भांडण होतं आणि मला रडू येतं. त्यांच्याशी बोलू कसं?

उत्तर : बाळा, बाबांचा राग खरा आहे, तो आधी मान्य कर. आत्तापर्यंत कोळसा-तेल जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के, तोही एवढ्या लोकसंख्येचा. त्यांनी जास्त भरपाई करावी हे बोलायला आपण लाजायचं कारणच नाही. पण भावकीत एकाने जास्त कर्ज उचललं म्हणून कर्जच नाहीये असं कुणी म्हणतं का, सावकार तर सगळ्यांच्याच दारात येणार.

आणि बाबांना हे जरूर सांग. एक्झॉन या अमेरिकन तेल कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७मध्ये कंपनीच्याच वरिष्ठांना सांगितलं होतं की तेल-कोळसा जाळल्याने पृथ्वी तापणार. पुढे त्याच कंपनीने अमेरिकेतल्या पेपरांत पैसे देऊन जाहिराती छापल्या की विज्ञान अजून पक्कं नाही. २०१५मध्ये पत्रकारांनी कागद बाहेर काढले तेव्हा हे सगळ्यांना कळलं. म्हणजे कारस्थान झालं होतं, फक्त बाबा समजतात त्याच्या उलट्या बाजूने, आणि त्या संशयाची उष्टावळ आज आपल्या ग्रुपवर फिरतेय. जालन्याच्या दादांनाही हेच सांगायचंय.

भांडणाचं म्हणशील तर फॉरवर्डला फॉरवर्डने उत्तर देऊ नकोस. रविवारी बाबांबरोबर चहा घेऊन बस आणि विचार, ते लहान असताना विहिरीला मे महिन्यात पाणी किती हात असायचं, रात्री गच्चीवर गोधडी लागायची का. त्यांना बोलू दे, तू लिहून घे. मग मला पत्र पाठव, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.