ओव्हरीचा कॅन्सर परत आल्यावर नवीन केमो कशी मिळवायची?

तुमच्या आईची कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल संपून पाच महिने झाले, स्कॅनमध्ये पुन्हा गाठी दिसल्या आणि डॉक्टर म्हणाले, आता पर्याय कमी आहेत. तर नवीन औषधं मिळवायची कुठून, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या बहिणीचा हाच आजार दोनदा उलटला, आणि चार वर्षं तिच्या फायली मी सांभाळल्या. त्यातून जे कळलं ते सांगते.

औषधाच्या नावामागे धावण्याआधी ब्लॉक हातात घ्या. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजीत जपून ठेवतात, तो पॅराफिन ब्लॉक. या आजारातली बरीच नवी औषधं त्या तुकड्यातल्या खुणा तपासूनच देतात. आम्हाला हे फार उशिरा समजलं. ताईचं ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलला तो ब्लॉक शोधायला अठरा दिवस लागले, आणि तोवर तिच्या पोटात पाणी भरू लागलं होतं. ते अठरा दिवस माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता तुमच्या डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ. शेवटची कार्बोप्लॅटिन दिल्यापासून आजार परत येईपर्यंत सहा महिन्यांहून जास्त काळ गेला असेल, तर सहसा प्लॅटिनमची औषधंच (कार्बोप्लॅटिन त्यातलंच) पुन्हा देतात. त्याआधी परत आला तर त्याला प्लॅटिनम-रेझिस्टंट, म्हणजे प्लॅटिनमला न जुमानणारा, म्हणतात. ही सहा महिन्यांची रेघ माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे, तेव्हा पाचवा महिना की सातवा एवढ्यावरच सगळं ठरत नाही. तरी शेवटच्या डोसची नेमकी तारीख फाइलमधून काढून ठेवा, प्रत्येक नवा डॉक्टर तीच आधी विचारतो.

रेझिस्टंट आजारात बहुधा एका वेळी एकच केमो देतात: दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, टोपोटेकॅन किंवा जेमसायटाबिन. जुनी आहेत म्हणून यांना कमी लेखू नका. आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलवर ताईचे सात महिने खरोखर चांगले गेले. अशा केमोला बेव्हासिझुमॅबची (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) जोड देता येते का, हेही विचारा. ३६१ जणींवरच्या ऑरेलिया चाचणीत आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या जणींना याहून कमी, निम्म्यांना जास्त) नुसत्या केमोवर ३.४ महिने होता, बेव्हासिझुमॅबसोबत तो ६.७ झाला. मात्र या औषधाने आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो. आईच्या आतड्यात कधी अडथळा आला असेल, तर ते न विसरता सांगा.

खरं नवं म्हणावं असं औषध म्हणजे मिरव्हेटुक्सिमॅब सोराव्हटान्सिन. यात केमो एका अँटिबॉडीला जोडलेली असते, आणि ज्या पेशींवर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचं प्रथिन असतं त्यांच्यापर्यंत अँटिबॉडी ती पोचवते. अमेरिकेत त्याला मार्च २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. मिरासोल चाचणीत ४५३ जणी होत्या. नेहमीच्या केमोवर आयुष्याचा मध्यक १२.७५ महिने होता, या औषधावर १६.४६. आकडे लहान वाटतील, पण ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांना चार महिने म्हणजे काय ते ठाऊक असतं. गाठीतल्या किमान ७५ टक्के पेशींवर तो रिसेप्टर ठळक दिसला तरच हे औषध देतात. डोळ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून आधी डोळे तपासतात आणि ठरलेले थेंब रोज घालावे लागतात. ताईच्या गाठीत रिसेप्टर कमी निघाला, त्यामुळे तिला ते मिळालं नाही. त्या रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघी खूप रडलो.

म्हणून त्याच ब्लॉकवर एचईआर-२ (पेशींवरचं आणखी एक प्रथिन) सुद्धा तपासून घ्या. ते ३+, म्हणजे खूप ठळक, आलं तर ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन या औषधाचा विचार होऊ शकतो, पण त्यावर असताना नवा खोकला किंवा दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. बीआरसीए, म्हणजे घराण्यातून येऊ शकणारा जनुकदोष, तपासला नसेल तर तेही करा. त्याचं उत्तर तुम्हा भावंडांच्याही कामाचं आहे.

औषध तुमच्याकडे विकत मिळत नसेल तर दोन वाटा राहतात. एक क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर नव्या औषधाची चाचणी. दुसरी, डॉक्टरांनी कंपनीकडे एका रुग्णापुरतं औषध मागायचं; ती मागणी डॉक्टरांकडूनच जावी लागते, आपण पत्र लिहून भागत नाही. ट्रायलमध्ये आपल्या माणसाला नुसतं पाणी टोचतील, अशी मला भीती होती. मिरासोलमध्ये दुसऱ्या गटाला नेहमीची केमोच दिली होती. ट्रायलमध्ये आधी किती लाइन केमो झाली, म्हणजे औषध बदलून किती वेळा केमो दिली, ते मोजतात. मिरासोलला एक ते तीनच चालत होत्या. त्यामुळे घाईने सुरू केलेली आणखी एक लाइन पुढचं दार बंद करू शकते. नवी केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "ही दिली तर पुढे कुठल्या ट्रायलला आई अपात्र ठरेल?"

मग रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का? आईला त्रास नसेल तर बहुतेक वेळा थोडं थांबता येतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५२९ जणींवरच्या चाचणीत नुसता सीए-१२५ (रक्त तपासणीत दिसणारी या आजाराची खूण) वाढला म्हणून लगेच केमो दिल्याने आयुष्य वाढलं नव्हतं. तुमच्याकडे स्कॅनमध्येही गाठी आहेत, तेव्हा किती थांबायचं ते डॉक्टरच ठरवतील. पोट फुगतंय, उलट्या होताहेत, शौचाला होत नाही, असं काही असेल तर रिपोर्टसाठी अजिबात अडून बसू नका.

आणि आईला विचारा, तिला काय नको आहे. ताईला केस गेल्याचं दुःख नव्हतं, बोटं बधिर होऊन शिवणकाम सुटेल याची धास्ती होती. हे तिने सांगितल्यावरच डॉक्टरांनी दुसऱ्या वेळी वेगळं औषध निवडलं.

सेकंड ओपिनियनची तारीख मिळायला वेळ लागेल. ब्लॉकसाठीचा अर्ज मात्र उद्या सकाळीच द्या, आणि ऑपरेशनच्या रिपोर्टवरचा पॅथॉलॉजी नंबर त्यावर लिहायला विसरू नका.