त्या किंकाळ्या काढू नका

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकाची ‘लाइव्ह ॲट द अपोलो’ ही एलपी (मोठी तबकडी) सापडली. ती मी संगणकावर उतरवून घेतली आहे. पण गाणं चालू असताना बायका सारख्या किंचाळतात. हे आवाज सॉफ्टवेअरने काढता येतात म्हणे. काढावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तबकडीची खरखर, धुळीची टिकटिक खुशाल काढा. त्या बायकांना मात्र हात लावू नका, कळकळीची विनंती आहे.

२४ ऑक्टोबर १९६२, न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो थिएटर. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेनं त्याच दिवशी सागरी नाकेबंदी सुरू केलेली, बाहेर युद्धाची धास्ती आणि आत थिएटर दणाणतंय! ब्राउनच्या तबकड्या काढणाऱ्या किंग रेकॉर्ड्स कंपनीचे मालक सिड नेथन या रेकॉर्डिंगला तयारच नव्हते. जुनीच गाणी पुन्हा कोण विकत घेणार, हा त्यांचा हिशेब. शेवटी ब्राउननं पदरचे ५,७०० डॉलर घातले. मे १९६३मध्ये आलेली ही एलपी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या लोकप्रिय एलपींच्या यादीत ६६ आठवडे टिकली.

आता ‘लॉस्ट समवन’ लावा. स्टुडिओत तीनेक मिनिटांत आटोपलेलं हे गाणं इथे दहा मिनिटांच्या वर जातं. वादक एकच संथ चाल धरून ठेवतात, ब्राउन आर्त साद घालून थांबतो, आणि समोरून किंकाळी येते. तिच्यावरच तो पुढची साद घेतो. मी तीस वर्षं नाटकांच्या ध्वनीची बाजू सांभाळतो आहे. रिकाम्या नाट्यगृहातल्या तालमीत नेमकं म्हटलेलं पद भरल्या प्रयोगात ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर कसं फुलतं, हे विंगेतून कितीदा पाहिलंय. इथे तर गाण्याच्या पोटातच वन्स मोअर आहे. तो काढला, तर ब्राउन कुणासाठी थांबलाय हेच कळणार नाही.

शिवाय गायकाच्या माइकमध्येही प्रेक्षकांचा आवाज थोडाफार शिरलेला असतोच. किंकाळी सोलायला जाल, तर त्याच्या स्वराची कडही सोलून निघेल.

सॉफ्टवेअरचं खरं काम दुसरीकडे आहे. मूळ एलपीवर हे गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी तुटतं आणि तबकडी उलटल्यावर पुढे सुरू होतं. ते दोन तुकडे सांधून घ्या. आवाजाची पातळी सारखी ठेवा आणि मध्ये क्षणभरही शांतता सोडू नका.