वाचकांचे प्रश्न : भर थंडीतली बालवाडी

मार्गशीर्ष सरून पौष लागला की या सदराकडे बालवाडीविषयीची पत्रे वाढतात. मुलांना शाळेत घालून सहा महिने झालेले असतात आणि पालकांना हिशेब हवासा वाटू लागतो. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून बालवाडीच्या मोठ्या गटात जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्या वहीत फारसे काही लिहिलेले दिसत नाही. विचारले की ‘आज मटार सोलले’, ‘आज सावली मोजली’ असे सांगतो. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी शंभरापर्यंत अंक लिहून दाखवते. आमचा मुलगा मागे तर पडत नाही ना?
— एक आई, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाने मटार सोलले असतील, तर त्या दिवशी त्याचा गणिताचा आणि लेखनाच्या पूर्वतयारीचा असे दोन्ही तास झाले, असे समजण्यास हरकत नाही. शेंग उघडताना अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट लागते, तीच पुढे पेन्सिल धरण्यासाठी लागते. आणि या वयात मनगटातली हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसल्यामुळे, तासभर अंक गिरवून घेण्यापेक्षा ओला हरभरा, वालाच्या किंवा मटाराच्या शेंगा सोलून घेणे हातासाठी कितीतरी अधिक फायद्याचे असते.

गणित त्याच शेंगेत असते. एकाच्या शेंगेत चार दाणे निघतात, दुसऱ्याच्या शेंगेत सात, तिसऱ्याच्या शेंगेत दोनच भरलेले आणि बाकीचे किडलेले. लगेच भांडण सुरू होते, ‘माझे जास्त आहेत’, ‘नाही, माझे’. मग बाई दोघांचे दाणे समोरासमोर ओळीत मांडायला लावतात आणि कोणाची ओळ किती लांब पुढे जाते ते मुले पाहतात. एकास एक जोडी लावून कमी-जास्त ठरवणे ही संख्याज्ञानाची खरी पायरी आहे. शंभरापर्यंत अंक लिहिणाऱ्या मुलीचे कौतुक अवश्य करावे, परंतु सात वाट्या आणि पाच चमचे समोर ठेवून ‘आणखी किती चमचे लागतील?’ असे तिला एकदा विचारून पाहावे. पाठ केलेले अंक आणि समजलेली संख्या यांतले अंतर ध्यानात येईल.

भोगीच्या आदल्या आठवड्यात पुष्कळ बालवाड्यांमध्ये भाजीची टोपली मांडतात. वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, बोरे, उसाचे कांडे, तीळ असा जिन्नस एकत्र ओतायचा आणि मुलांनी त्याची वाटणी करायची. पहिल्या दिवशी मुले रंगावरून ढीग लावतात. दुसऱ्या दिवशी बाई ‘जमिनीच्या आत काय वाढते?’ असे विचारतात आणि गाजर एकटेच बाजूला पडते. मग ‘मुळासुद्धा आतच वाढतो, पण तो आज आणलाच नाही’ अशी तक्रार एखादे मूल करते. वस्तूंचे गुण पारखून त्यांचे गट करणे आणि तेच गट वेगळ्या नियमाने पुन्हा लावणे हे पुढे विज्ञानाच्या सगळ्या अभ्यासाला उपयोगी पडते, आणि त्यासाठी एकही छापील पुस्तक लागत नाही.

सावलीचे म्हणाल, तर ते काम या दिवसांतच चांगले साधते. पुणे-नाशिक पट्ट्यात जानेवारीच्या आरंभी सकाळी साडेनऊच्या सुमारास मुलाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि साडेबाराच्या सुमारास ती उंचीपेक्षाही थोडी आखूड होते. अंगणात एका मुलाला उभे करून खडूने सावलीची कड आखली आणि सुटीपूर्वी त्याच जागी त्याला पुन्हा उभे केले, तर सावली आखूड झाली आणि बाजूलाही सरकली हे मुले स्वतः पाहतात. मे महिन्यात आपल्याकडे एका दुपारी सावली अगदी पायाखाली येते, परंतु तेव्हा शाळा बंद असते!

सन २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, दोन्हींनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून आणि कृतीतून व्हावे असे म्हटले आहे. तेव्हा आपल्या मुलाची शाळा मागे नाही. वही पाहण्याऐवजी त्याला रोज ‘आज हातांनी काय केलेस?’ असे विचारावे आणि उत्तर पुरेसे लांब होऊ द्यावे.

प्रश्न : नातीची बालवाडी सकाळची आहे. थंडी अशी की ती पांघरुणातून निघत नाही, आणि खोकला तर जानेवारीभर असतो. अशा दिवसांत एवढ्या लहान मुलांना शाळेत पाठवावे काय? शिवाय शाळेत या वर्षी बोरनहाण करणार आहेत. त्याविषयी सुनेला काळजी वाटते.
— एक आजोबा, पुणे

उत्तर : प्रथम वेळेविषयी. पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. नातीची शाळा त्याआधी भरत असेल, तर इतर पालकांना सोबत घेऊन व्यवस्थापनाकडे विचारणा करावी. या दिवसांत नात उठत नाही हा तिचा आळस नव्हे, हेही सांगायला हवे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला होऊन जातो, परंतु पुण्यात सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यास, सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ असे आपण मुलांना सांगतो, आणि मूल सकाळी डोळे उघडून पाहते तर अंधारच. वाढलेला उजेड तेव्हा संध्याकाळच्या बाजूला असतो, म्हणून ही गोष्ट मुलांना सकाळी न सांगता खेळून घरी येतानाच दाखवावी.

साधे नाक वाहत असेल आणि मूल हुंदडत असेल, तर शाळा बुडवण्याचे कारण नाही. ताप असेल, श्वास भरभर चालत असेल, खाणेपिणे सुटले असेल किंवा खोकला आठवडे उलटूनही हटत नसेल, तर मात्र शाळेऐवजी डॉक्टरांकडे जावे. डोक्यातून घालायच्या जाड स्वेटरापेक्षा पुढून बटणांचा स्वेटर द्यावा, कारण दहाच्या उन्हात तो मुलाला स्वतः काढता येतो आणि बटणे लावणे-काढणे हाही बालवाडीचाच अभ्यास आहे. थंडीत मुले पाणी पिण्याचे विसरतात. बाटली भरलेलीच परत येत असेल तर शिक्षिकांच्या कानावर घालावे.

बोरनहाणाबाबत सूनबाईंची काळजी रास्त आहे. काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून ओतलेले चुरमुरे या गमतीत काही धोका नाही; धोका असतो तो नंतर खाली बसून वेचून खाण्याच्या झुंबडीत. बोराची आठळी, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या या वस्तू पाच वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि हसत, धावत, एकमेकांना ढकलत खाताना तर अधिकच. म्हणून वर ओतण्यासाठी फक्त चुरमुरे आणि मोठी बिस्किटे ठेवावीत, बोरे आणि उसाचे करवे प्रत्येकाला मोठ्यांच्या नजरेखाली, खाली बसवून द्यावेत, आणि अगदी लहान गटाला बोराचा गर काढूनच द्यावा, अशी विनंती शाळेला करता येईल. गुळाची पोळी किंवा मऊ तिळाची वडी कडक लाडवापेक्षा बरी.

प्रश्न : मी खेड्यात बालवाडी चालवते. डिसेंबरपासून स्नेहसंमेलनाच्या तालमींत दिवस जातात. ‘हिवाळा’ म्हणून जो तक्ता आम्हांला मिळाला आहे त्यात बर्फ, कापसाचा हिममानव आणि भिंतीतली शेगडी आहे. माझ्या मुलांनी यांतले काहीच पाहिलेले नाही. पैसेही फारसे हाताशी नसतात. काय करावे?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : तक्ता सरळ कपाटात ठेवावा. नाताळच्या निमित्ताने हिममानव करायला कोणाची हरकत नाही, पण आपल्या गावचा हिवाळा म्हणून तो शिकवणे म्हणजे मुलांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणे होय. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत शेतात शाळूची कणसे भरत असतात. एका शेतकऱ्याला विनंती करून मुलांना बांधापर्यंत न्यावे, कोवळे कणीस हातावर चोळून दाणे पाखडायला लावावेत, आणि आगटीजवळ मुलांना न नेता मोठ्यांनी भाजलेला हुरडा गार झाल्यावर वाटून द्यावा. कच्चा दाणा आणि भाजलेला दाणा यांचा वास, रंग, चव यांवर मुले जेवढे बोलतील तेवढे त्या तक्त्यावर कधीच बोलणार नाहीत.

वर्गात खोबरेल तेलाची एक बाटली आणून ठेवावी. हे तेल साधारण चोवीस अंश सेल्सियसच्या खाली गोठते, त्यामुळे सकाळी ते पांढरे आणि घट्ट असते, उन्हात ठेवले की पातळ होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठलेले आढळते. ‘आज किती वेळाने पातळ होईल?’ असा अंदाज रोज करायला लावावा.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांच्याही हाताशी पैसे नव्हते. बिया, पाने, शंख-शिंपले, खडे ही आजूबाजूला मिळणारी साधने त्यांनी वापरली आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली.

संमेलनाचे मात्र आपल्याला धैर्याने ठरवावे लागेल. चार वर्षांच्या मुलांना सिनेमाच्या गाण्यावर दीड महिना नाचवण्यात वर्षातला सर्वांत चांगला हंगाम खर्ची पडतो, आणि रंगवलेले चेहरे घेऊन रात्री नऊ वाजता मुले कंटाळून रडत असतात. व्यवस्थापनाला असे सुचवून पाहावे की कार्यक्रम सकाळच्या उन्हात अंगणात व्हावा आणि मुलांनी जे रोज केले तेच त्यात असावे. म्हणजे सुरात म्हटलेली दोन बडबडगीते, शेंगा सोलण्याची शर्यत आणि ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, ऐकलेल्या गोष्टीचे छोटे नाट्य. पालकांना भोगीची टोपली देऊन त्यांच्याच मुलांकडून ती वाटून घ्यायला लावावी. या वर्षी व्यवस्थापनाने नाही म्हटले, तर निदान तालमीची वेळ शेवटच्या अर्ध्या तासापुरती मागून घ्यावी आणि सकाळचे ऊन मुलांसाठी मोकळे ठेवावे.