चिनी शिकायला घेतलंयस ना? मग हे बघ

अरे छंग्यूंची, म्हणजे त्यांच्या चार अक्षरी म्हणींची, घाई नको करू, आधी रोजचं बोलणं बसव. 'छ्र ल मा' म्हणजे जेवलात का, पण ते नुसतं 'कसं काय' सारखं असतं, 'छ्र ल' म्हणायचं नि पुढं जायचं, मेनू सांगत बसू नको 😄 निघताना 'मान चोउ' म्हणतील, शब्दशः हळू चाला, इंग्लिशमध्ये टेक केअर धर. वडीलधाऱ्यांना 'नी' म्हणजे 'तू' नाही, 'नीन' म्हणजे 'आपण' म्हणायचं, विशेषतः बीजिंगकडे. घरच्यांना उठसूट 'शिएशिए', म्हणजे थँक यू, नको, परकेपणा वाटतो. आणि एक छंग्यू मात्र फुकटात लक्षात राहील, 'त्वेइ न्यू थान छिन', गाईपुढे छिन हे तंतुवाद्य वाजवणं, म्हणजे आपलं गाढवापुढे वाचली गीताच की! टोन, म्हणजे उच्चारातले सुरांचे चढउतार, मात्र ऐकूनच घे, देवनागरीत लिहून ते जमत नाही.