नागपूरच्या उन्हात रंगवायला बसताना

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. विषय सुचत नाही, सामान धड नाही, आणि नागपुरात राहून चित्रकलेत काही व्हायचं नाही. तीन तक्रारी तू एका दमात लिहिल्यास. मला मात्र त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. ज्या हवेत आणि ज्या उजेडात तू रोज कागद मांडून बसतेस, त्यांच्याकडे तुझं अजून नीट लक्ष गेलेलं नाही. ते गेलं की बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागेल, याची मला खात्री आहे.

तुझ्या जलरंगांच्या सामानाचं आधी सांगते, कारण ते लवकर आटोपतं. चोवीस रंगांचा डबा घेऊ नकोस. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एक चांगला तांबडा, एवढ्यावर वर्ष काढ. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमीजास्त मिसळले की डांबरी रस्त्यापासून आषाढातल्या आभाळापर्यंत सगळे करडे हाताशी येतात, आणि डब्यातल्या तयार काळ्यापेक्षा ते कितीतरी जिवंत दिसतात. वाचलेले पैसे कागदावर घाल. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद महाग पडतो हे खरं, म्हणून त्याचे लहान तुकडे करून वापर. पण स्वस्त कागदावर शिकून मग चांगला घेईन, असं म्हणू नकोस. स्वस्त कागद पाणी धरत नाही, आणि माणूस स्वतःच्या हातालाच दोष देत बसतो. ब्रश दोन पुरेत, एक गोल आणि एक चपटा. काम झालं की धुऊन आडवे ठेव. पेल्यात टोकावर उभा राहिलेला ब्रश कामातून गेला म्हणून समज.

रंग टिकाऊ आहे का, हे दुकानदाराला विचारायची गरज नाही. प्रत्येक रंगाचा पट्टा कागदावर ओढ, अर्ध्या पट्ट्यावर जाड पुठ्ठा चिकटव आणि कागद पश्चिमेच्या खिडकीत लाव. एप्रिल-मेचं आपलं ऊन खाऊन झालं की पुठ्ठा काढून बघ. अलिझरिन क्रिमसनसारखे काही लाल आणि भडक गुलाबी रंग उघड्या बाजूला फिके पडलेले असतील. जे टिकले ते तुझे.

आता हवेचं. व्हिडिओ बघून शिकतेस, जरूर शीक. पण शिकवणारा जेव्हा म्हणतो की ‘वॉश (पाणीदार रंगाचा पसरट थर) ओला आहे तोवर दुसरा रंग सोडा’, तेव्हा तो त्याच्या गावच्या हवेबद्दल बोलत असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, हवा कोरडी ठक्क. दुसऱ्या रंगात ब्रश बुडवून परत येईस्तोवर पहिल्याची कड वाळून तिथे रेघ उमटलेली असते. तू पत्रात ज्या ‘डागाळलेल्या आभाळा’बद्दल रडलीस ना, ते हेच आहे. त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाही, बाई.

यावर साधे इलाज आहेत. कागद दोन्ही बाजूंनी चांगला भिजव आणि काचेवर पसर. खालचं पाणी अडकून राहतं आणि कागद बराच वेळ ओला मिळतो. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब चालतो. जास्त घातलंस तर रंग चिकट राहील. कूलरच्या झोतासमोर बसू नकोस, तो वारा कागद आणखी लवकर सुकवतो. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते आठ ही तुझी वेळ.

पण मला विचारशील तर इलाज करण्यापेक्षा कामच ऋतूप्रमाणे वाटून घे. उन्हाळा हा थरावर थर चढवायचा काळ आहे. पहिला थर लगेच वाळतो, दुसरा त्यावर स्वच्छ बसतो, कडा धारदार येतात. आणि बाहेर काय असतं? धारदार सावल्याच असतात! दुपारी बाराच्या सुमारास झिरो माइलच्या खांबाजवळचे ते चार घोड्यांचे पुतळे बघ. पोटाखाली सावलीचा गडद तुकडा, पाठीवर पांढरं ऊन, मधला टोन जवळजवळ नाहीच. आभाळही निळं नसतं, धुळीने पांढुरकं झालेलं असतं. तुझ्या चित्रांतलं आभाळ बारा महिने निळंच का, हे मला तुला केव्हाचं विचारायचं होतं. ओल्यावर ओलं सोडायचं काम जुलै-ऑगस्टसाठी ठेव. तेव्हा अंबाझरी तलावाच्या काठावर बसलीस तर वॉश वाळता वाळत नाही. फक्त कागदाची पुडी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेव. दमट कागदावरचं पाणी अडवणारं सरस उतरतं आणि मग रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो.

विषयांचं म्हणशील, तर ‘प्रेरणा’ हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेव आणि छोटी छोटी कामं आख. एक विषय, एक आकार, एक महिना. संत्रंच घे. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात, तेव्हा पुष्कळशा सालींवर हिरवा असतो, कारण रात्री गार पडल्याशिवाय साल नीट रंग धरत नाही. फेब्रुवारी-मार्चातली मृग बहाराची खरी केशरी. कळमन्याच्या बाजारात दोन्ही वेळा जाऊन एकेक ढीग रंगव आणि दोन्ही कागद शेजारी ठेव. पहिल्या ढिगात नारिंगी रंग किती थोडा लागला, ते तुझ्या पॅलेटवरच दिसेल.

भाद्रपदाच्या तोंडाशी तर आपल्या शहरात चित्रकाराला सवड मिळू नये अशी परिस्थिती असते. पोळा, दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे गावातलं वाईट सोबत नेणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. लगेच गणपती. काळी मारबत १८८१पासून निघते, पिवळी १८८५पासून. माणसं महिना-महिना खपून ती प्रचंड आकृती उभी करतात, एक दिवस ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवतात आणि जाळून टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा बांबूपासून सुरुवात. तुझं एखादं पान बिघडलं की वही बंद करून ठेवतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मिरवणुकीच्या गर्दीत चित्र काढायला जाऊ नकोस, धक्काबुक्कीत काही हाती लागत नाही. त्याआधी चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत जा. विचारून, रस्ता न अडवता, एका कोपऱ्यात बस. मूर्ती काढायच्या मोहात पडू नकोस, त्या सुंदरच असतात आणि सुंदर वस्तूची नक्कल करण्यातच आपला वेळ जातो. हात काढ. सुकताना मातीला भेग पडली की कारागीर चिंधी पातळ मातीत बुडवतो, भेगेवर बसवतो आणि ओल्या अंगठ्याने कडा दाबत नेतो, चिंधी कुठे संपली ते कळेनासं होईपर्यंत. तो अंगठा, त्याचा कोन, मनगट कुठे टेकलंय, एवढंच बॉलपेनने काढ. खोडरबर घरी ठेव.

राहिली नागपूर सोडायची गोष्ट. जावंसं वाटलं तर जा, मी अडवणार नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा इथल्याच कलाशाळेत १९३९ ते ४३ शिकले, मग मुंबई, मग १९५०मध्ये पॅरिस. तिथे अनेक वर्षं काढल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर जो बिंदू ठाण मांडून बसला, तो मंडला भागातल्या शाळेत एका गुरुजींनी या चंचल पोराला भिंतीवर काढून बघत बसायला लावलेला बिंदू होता. म्हणून जायच्या आधी इथलं काहीतरी नीट बघून घे. मग कुठेही जा.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी सकाळची चितारओळीत असते. ये. दाखवायला चांगली पानं निवडून फाडून आणू नकोस, अख्खी वही आण. बिघडलेल्या आभाळांपासूनच बोलायला सुरुवात करू.

तुझी,
मावशी